पडद्याच्या रॉडसाठी भिंतीत भोकच पडत नाहीये, मदत हवी आहे

घोडबंदरची
हॉलच्या खिडकीला रॉड लावायचाय. ड्रिल अर्धा इंच आत जातं आणि मग ढिम्म हलत नाही. दोन बिट वाया गेले. एका भोकात गिट्टी ठोकली तर ती स्क्रूबरोबर गरागरा फिरतेय. रविवारी सकाळी सासूबाई येतायत, त्या हॉलमध्येच झोपतात आणि आमच्याकडे सहालाच ऊन तोंडावर येतं. 'सुतार बोलवा' सांगू नका. दोघे 'आलोच ताई' म्हणाले ते अजून येतायत.

नेरुळकर_जुने
भिंत कसली आहे? बिल्डिंग किती जुनी? ड्रिल कुठलं?

घोडबंदरची
भिंत म्हणजे भिंत. पांढरी. बिल्डिंग आठ-नऊ वर्षांची.

मोजपट्टी
आधी माप सांगा हो. लोक खिडकीएवढाच रॉड आणतात आणि मग दोन्ही कडांनी उजेड येतो. चौकटीच्या दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा इंच जास्त, आणि वर चार ते सहा इंच. कापड रुंदीच्या दुप्पट, नाहीतर पडदा ओढल्यावर चादर वाळत घातल्यासारखी दिसते.

कळवा_नाका
भोकं कशाला पाडताय? चिकटवायचे हूक मिळतात. माझे दोन वर्षं टिकलेत.

नेरुळकर_जुने
तुमचे पडदे जाळीचे असतील. आमच्याकडे जाड ब्लॅकआउटचे लावले होते, रात्री दोन वाजता रॉडसकट खाली. वडिलांना वाटलं चोर शिरला.

कळवा_नाका
भिंत पुसून लावले नसतील तुम्ही.

ठाणे_पूर्व
नवी बिल्डिंग म्हणजे मायव्हन. अख्खी भिंत काँक्रीटची. साधं ड्रिल विसरा.

नेरुळकर_जुने
मायव्हनला आतून जाड प्लास्टर नसतं, पातळ पुट्टी मारतात. ताईंचं ड्रिल अर्धा इंच जातंय, म्हणजे तेवढं प्लास्टर आहे. त्याच्या मागे लिंटेल लागलंय. भिंत विटांची असली तरी खिडकीच्या डोक्यावर काँक्रीटचा आडवा पट्टा असतोच. गिट्टी फिरते तीही त्यामुळेच, ती नुसत्या प्लास्टरमध्ये बसलीय. ड्रिलवर हातोडीचं चित्र आहे का बघा.

घोडबंदरची
नाही. बॅटरीवालं आहे, फर्निचरचे स्क्रू आवळायला घेतलेलं.

ठाणे_पूर्व
आता सांगताय होय!

उल्हासनगर_शटल
पडदे घेतले नसतील तर गजानन मार्केटला जा. तयार पडद्यापेक्षा कापड घेऊन शिवून घेतलेलं केव्हाही बरं.

मोजपट्टी
शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळाली तर मला कळवा.

उल्हासनगर_शटल
लोकलने जायचं ना.

नेरुळकर_जुने
मुद्द्यावर या. ताई, लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीत साधारण सहा इंच शिरलेलं असतं, त्यामुळे सहा इंचांवर भोक पाडलंत तर त्याच्याच टोकावर आपटाल. दहा-बारा इंच बाजूला जाऊन बघा. लाल भुकटी आली की वीट. प्लास्टर संपल्यावरही राखाडीच आली आणि ड्रिल अडलं तर थांबा, बिट जाळू नका. काही ठिकाणी पट्टा अख्ख्या भिंतीभर असतो, मग हॅमर ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर भोक पाडू नका, आत वायरचा पाइप असतो. जुनं भोक एम-सीलने बुजवा.

ऐरोली_२
गिट्टी म्हणजे काय? आम्ही रावळप्लग म्हणतो.

नेरुळकर_जुने
तेच, स्क्रू पकडायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी. ६ एमएमची गिट्टी असेल तर बिटही ६ चाच. आठचा वापरलात तर परत गरगर.

घोडबंदरची
डावीकडे अकरा इंचांवर लाल भुकटी आली!!! ब्रॅकेट घट्ट बसला. उजवीकडे मात्र राखाडी.

ठाणे_पूर्व
उजवीकडे कोपरा आहे का? मग कॉलम असेल.

घोडबंदरची
हो, कोपराच आहे. वर एसीपण आहे.

मोजपट्टी
एसी आहे हे आत्ता?! पडदा हवेच्या तोंडावर येतोय का ते बघा. आणि रॉड किती फुटांचा?

घोडबंदरची
एसी बराच वर आहे, काही अडत नाही. रॉड आठ फुटांचा. मधे टेकू लागेल का?

मोजपट्टी
लागणारच. एवढ्या लांबीला पडद्याच्या वजनाने रॉड मधे पोक काढतो. फक्त रिंगवाले पडदे मधल्या ब्रॅकेटवरून सरकत नाहीत, त्यामुळे अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे.

घोडबंदरची
म्हणजे एक भोक कॉलममध्ये आणि एक लिंटेलमध्ये. कासारवडवलीच्या आसपास कोणाकडे हॅमर ड्रिल आहे का? चहा माझ्याकडून.

कळवा_नाका
हूक लावले असते तर एव्हाना झालं असतं.

वाघबीळ_बी_विंग
माझ्याकडे आहे, शनिवारी घेऊन जा. ६ चा बिट तुमचा आणा, माझा बोथट झालाय. तुमच्या सोसायटीत दुपारी दोन ते चार या वेळात ड्रिल चालतं का ते वॉचमनला आधी विचारा, मागच्या वेळी मी शिव्या खाल्ल्यात.

ऐरोली_२
सासूबाईंना डोळ्यांवरची पट्टी देऊन बघितलीत का?