मदत हवी आहे: लाकडावर जाळून काढलेल्या रेषा एकसारख्या येत नाहीत

रानवाट: नमस्कार. लाकडावर तापत्या पेनने जाळून मोर काढतेय. रेष कुठे काळीकुट्ट, कुठे जेमतेम पिवळी. शिवाय प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला काळा ठिपका. रविवारी हे चित्र भेट द्यायचंय. लवकर सांगा.

सुतारपक्षी: लाकूड कुठलं? पेन तारेच्या टोकाचं की सोल्डरिंगसारखं जाड टोकाचं?

रानवाट: लाकूड साधंच आहे हो. पेन नीट तापतंय, तो प्रश्नच नाही.

खटपट्या: फुल्लवर ठेवा. मी कायम फुल्लवर. एका फटक्यात रेष.

सुतारपक्षी: खटपट्याशी असहमत. फुल्लवर कडेला तपकिरी झाक पसरते, ती खरवडूनही पुरती जात नाही. आच कमी, हात सावकाश. ठिपका पडतो कारण पेन टेकवल्यावर मग हात हलतो. विमान उतरतं तसं चालत्या हातानेच टेकवा आणि चालत्या हातानेच उचला. टोकावरची काजळीही मधूनमधून काढा. ताई, लाकडाचं नाव?

उंटावरचा शहाणा: लेझर मशीन घ्या, कटकट मिटेल.

रानवाट: लेझर विचारलेलंच नाही. पॅकिंगच्या खोक्याची फळी आहे. पिवळसर, फिकट-गडद पट्टे.

सुतारपक्षी: पाइन दिसतंय. त्यातला फिकट पट्टा मऊ, चटकन जळतो. गडद पट्टा घट्ट, तिथे पेन अडतं. म्हणून रेष तुटक. बासवुड किंवा बर्च घ्या, २२० च्या पॉलिश पेपरने घासून. आणि खोक्यावर शिक्का होता का? 'एचटी' म्हणजे नुसती उष्णता दिलेली. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते मुळीच जाळू नका.

निवांत: नवसागर पाण्यात विरघळवून ब्रशने चित्र काढा, वाळलं की वरून हीट गनची गरम हवा. पेनच नको.

सुतारपक्षी: पिसाऱ्याच्या बारीक रेषा त्यात पसरतील. वर अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा. पाठ्यपुस्तकातला प्रयोग घरात कशाला?

उंटावरचा शहाणा: अवांतर: मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून फळीत वीज सोडली की झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी उमटते. भारी दिसते.

सुतारपक्षी: संपादक, हा प्रतिसाद उडवा. तिथे २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो, माणसं मेली आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत यावर बंदी घातली आहे.

उंटावरचा शहाणा: मग स्वयंपाकघरातला गॅसही बंद करा.

माईसाहेब: छान छंद हो. वार्निश लावलंत तरी चित्र थेट उन्हात टांगू नका, फिकं पडतं.

रानवाट: वार्निशपर्यंत पोचू द्या आधी! शिक्का दिसत नाही, फळी रंधून घेतली होती. मान झालीय, पिसारा बाकी. एवढी मान टाकून देऊ?

सुतारपक्षी: हो. फळी कुठली ते कळत नसेल तर धूर नाकात घेऊ नये. नव्या फळीवर आधी कोपऱ्यात चार रेषा ओढून आच ठरवा. खिडकी उघडी, पण पंख्याचा झोत टोकावर नको, टोक गार पडतं. आणि पेन कुठलं ते अजून सांगितलं नाहीत.

खटपट्या: माझं ऐका, फुल्लवर.