मदत हवी आहे : पोटभर खाऊनही शिकार करणारी मांजर

आमचे घर खानापूर तालुक्यात, कौलारू आहे आणि परसात पेरूची झाडे असल्यामुळे तेथे बुलबुल व खारींचा सतत वावर असतो. आमची मांजर दूधभात आणि मासे व्यवस्थित खाते, तरीही पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे मांजरांच्या स्वाभाविक शिकारीच्या वेळी, ती पक्षी मारून उंबरठ्यावर आणून ठेवते. भूक आणि शिकारीची प्रेरणा या गोष्टी मांजरांमध्ये बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात, हे मला ठाऊक आहे; म्हणून तिला रागावणे मला अन्यायाचे वाटते, पण त्या पक्ष्यांचाही जीव तितकाच मोलाचा आहे.

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या 2021 मधील अभ्यासात मांसयुक्त, धान्यविरहित आहाराने घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी, तर रोज 5 ते 10 मिनिटे खेळवल्याने 25 टक्क्यांनी घटली. गळ्यातील घंटेचा मात्र ठळक परिणाम दिसला नाही. बेळगाव, निपाणी भागात कोणी दोरीला पीस बांधून असे नियमित खेळवले आहे का? असा आहार येथे परवडेल अशा दरात कोठे मिळतो?

दुसरी शंका देहबोलीची आहे. खिडकीतून पक्षी दिसला की ती दात कटकटवते, शेपटीचे टोक हलवते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारते. हे मी शिकारीची उत्तेजना समजते. परंतु मांडीवर असताना शेपूट आपटून कान मागे पाडते, तेव्हा तिला एकटे सोडावे का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.