झाडीपट्टीत पाहुण्या कलाकाराने मुक्काम करावा की नाही?

वडसेकर
मुंबई-पुण्याचे नट झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात रात्री काम करतात आणि सकाळी नागपूरचा रस्ता धरतात. माझं मत, हंगामात निदान पंधरा दिवस त्यांनी वडशाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या या नाटकांच्या केंद्रात, राहावं. दिवाळीनंतर धान निघालं की मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात. दिवसा पट, रात्री उजाडेपर्यंत नाटक. गावात घरोघरी पाहुणे उतरलेले असतात. तो दिवस बघितला नाही तर रात्रीचा प्रेक्षक कसा कळणार?

नट_डोंबिवली
पंधरा दिवस आणायचे कुठून? मालिकेला तारखा दिलेल्या असतात, चुकल्या की काम जातं. शिवाय नाटक गावातलं मंडळ ठरवतं आणि तिकिटांवर पैसे उभे करतं. माझ्या राहण्याजेवणाचा बोजा शेवटी त्या पोरांवरच पडेल.

जुनी_पेटी
किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी गावोगाव बिऱ्हाड टाकूनच राहत होत्या ना?

नट_डोंबिवली
त्यात माणसं पगारी होती, भटारखाना मंडळीचा होता. आज मला रात्रीचे पैसे मिळतात.

झाडीची_लेक
मी बारा हंगाम इथे काम करते आहे. मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. बाहेरचे महिना-महिना राहिले तर निर्माता आम्हा बायकांना कशाला घेईल? पोस्टरवर आताच त्यांचा फोटो मोठा असतो. पण तालीम न करता येणंही चूक आहे. आमच्याकडे संवाद सांगणारा प्रॉम्प्टर असतो. एक कान त्याच्याकडे ठेवून समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलायचं, हे कसब एका रात्रीत येत नाही. एका पाहुण्याचं लक्ष सारखं विंगेकडे जायचं. माझा रडण्याचा प्रवेश होता, समोर हजारभर माणूस, आणि मी एकटीच रडत होते. त्या रात्री फार वाईट वाटलं.

फडकरी
तमाशाचा फड रोज गाव बदलतो, तरी प्रेक्षक ओळखतो, कारण दरवर्षी त्याच जत्रांना जातो. मुक्कामापेक्षा परत येणं मोठं.

वडसेकर
परत येणारे किती आहेत, भाऊ? झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ते आयुष्यभर इथेच उभे राहिले. ताईंचं भूमिकांचं म्हणणं मात्र मला सुचलं नव्हतं. मग पंधरा दिवस सोडतो. तीन दिवस तालमीला या आणि एक नाटक खाली, लोकांत बसून बघा.

नट_डोंबिवली
तीन दिवस जमतील. तालमीचे पैसे निर्मात्याने स्थानिक कलाकारांनाही द्यावेत, एवढंच.

झाडीची_लेक
ते आजवर कुणी दिले नाहीत.