वायफाय दिसत नाही म्हणून लगेच मागे फिरू नका

लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकल्यावर वायफायच दिसत नाही, तर परत विंडोज १० वर जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: जाऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

माझ्या जुन्या लॅपटॉपवरही हेच झालं होतं. यंत्रात बिघाड नव्हता. काही वायफाय चिपांचे ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) खुले नसतात, म्हणून ते वेगळे उतरवावे लागतात आणि उतरवायला इंटरनेट हवं! इथेच माणूस अडकतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलमधून लॅपटॉपला देणं) चालू करा. लिनक्सला फोन नेटवर्क कार्डासारखा दिसतो. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर टाका आणि रीस्टार्ट करा.

तरीही चाललं नाही तर सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी लॅपटॉपची सुरक्षा सोय) चालू आहे का बघा. तो चालू असताना ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर कर्नल (लिनक्सचा गाभा) घेत नाही. म्हणून ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे 'एनरोल एमओके' (Enroll MOK, म्हणजे ही सही ओळखीची करून घ्या) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. मी घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं आणि दोन संध्याकाळी कारण शोधत बसलो.



एवढं करून अडलंच, तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) 'एलएसपीसीआय' (lspci) ही आज्ञा चालवून 'नेटवर्क कंट्रोलर' (Network controller) ही ओळ इथे द्या. चिप कळली की नेमकं सांगता येईल.