जन्मभूमी नव्हे, जन्मक्षण
'अमेरिकेच्या भूमीवर जन्म नसेल तर तिथे राष्ट्राध्यक्ष होताच येत नाही' हे नेहमी ऐकू येणारं विधान सरसकट खरं नाही. घटनेत 'जन्मसिद्ध नागरिक' एवढंच म्हटलंय (शिवाय वय 35, देशात वास्तव्य 14 वर्षं), व्याख्या कुठेच नाही. रूढ अर्थ असा की नागरिकत्व जन्मक्षणीच लागू झालेलं हवं, नंतर अर्ज करून मिळवलेलं चालत नाही. 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेले सिनेटर टेड क्रूझ 1970 साली कॅनडात जन्मले, आई अमेरिकन. पण वडील परदेशी असताना नुसतं तेवढ्यावर भागत नव्हतं. तेव्हाच्या कायद्यानुसार विवाहित आईने मुलाच्या जन्माआधी अमेरिकेत 10 वर्षं काढलेली असावी लागत, त्यातली 5 वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. म्हणजे अठरा वर्षांच्या आईला ही अट पुरी करणंच अशक्य होतं!

खरी गोची 2008 चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन यांची. जन्म ऑगस्ट 1936, तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या पनामा कालवा पट्ट्यात. तिथे अमेरिकन आई किंवा वडिलांच्या पोटी जन्मलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा मात्र ऑगस्ट 1937 चा, पूर्वलक्षी. मग 'जन्मतः' कसं म्हणायचं? 2008 मध्ये सिनेटने त्यांना पात्र ठरवणारा ठराव करून वेळ मारून नेली, पण असा ठराव कोर्टावर बंधनकारक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांचा अर्थ अजून लावून दिलेला नाही.