परदेशात राहून इंडोनेशियन स्वयंपाक: तुमचे अनुभव

जकार्तातली काही वर्षं संपवून आम्ही हेगला आलो. तिथलं जेवण एकदा तोंडाला लागलं की सुटत नाही, हे तिकडे राहून आलेल्यांना सांगायला नको. नेदरलँड्समध्ये माझी तशी चैन आहे. १९४५ नंतर इंडोनेशियातून जी कुटुंबं इकडे आली, त्यांच्यामुळे शहरोशहरी 'टोको' म्हणजे आशियाई किराण्याची दुकानं आहेत. लेंगकुआस (आल्यासारखा कंद), केमिरी (वाटणात घालायची तेलकट बी), सालमची गोठवलेली पानं (तिथला पानांचा मसाला), सगळं मिळतं. हे सुख सगळ्यांना नसणार. तर लिहा: घरी काय करता, कशाला पर्याय सापडला, कशाला नाहीच?

सुरुवात मी करते. सालमच्या पानाऐवजी तमालपत्र घाला, असं पाककृतींत सर्रास लिहिलेलं असतं. घालू नका. दोघांच्या वासाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पान नसेल तर सरळ वगळा.

म्युनिकहून
इथल्या दुकानात टेम्पे (बुरशीनं आंबवलेल्या सोयाबीनची वडी) मिळतं, पण पाश्चराइज केलेलं. त्याला ताज्याची सर नाही, म्हणून घरी लावते. सोयाबीन रात्रभर भिजवून, चोळून सालं काढायची. खरं कंटाळवाणं काम एवढंच, आणि वालाचे बिरडे सोलत लहानपण गेलेल्यांना तेही जड जाणार नाही. मग शिजवून फडक्यावर पसरायचे, अगदी कोरडे होईपर्यंत. थोडं व्हिनेगर, वर रायझोपस बुरशीचं विरजण (ऑनलाइन मिळतं), आणि टाचणीनं भोकं पाडलेल्या पिशवीत दोन बोटं जाडीचा थर. ऊब ३० अंशांच्या आसपास हवी. हिवाळ्यात मी ओव्हनचा नुसता दिवा लावून पिशवी आत ठेवते. साधारण अर्ध्या दिवसानं दाणे स्वतःच तापायला लागतात. तेव्हा दिवा बंद करायचाच, नाहीतर बुरशी मरते. दीड दिवसात दाणे पांढऱ्या जाळ्यात असे घट्ट बांधले जातात की सुरीनं वडी पडते. भोकांपाशी काळपट डाग दिसले तर घाबरू नका. अमोनियाचा वास आला तर मात्र टाकून द्या.

दोह्याहून, मूळचा मालवणचा
तेरासी! बारीक कोळंबी आंबवून केलेली ती काळपट वडी गॅसवर भाजली की मजला जागा होतो. सुकटीच्या वासात वाढलेल्या माणसाला काही वाटत नाही, शेजाऱ्यांना वाटतं. ती संपली की सुका जवळा भाजून लाल मिरचीबरोबर रगडतो. आंबवल्याची खोली येत नाही, पण सांबालपुरतं, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीपुरतं, भागतं. सायुर आसेमला (भाज्यांच्या आंबट साराला) मात्र तेरासीच हवी. आणि मिक्सर नको हो! तिथल्या चोबेकमध्ये, म्हणजे दगडी खलात, मिरची रगडतात, तिचं पाणी करत नाहीत. आपला पाटा-वरवंटा असेल तर प्रश्नच मिटला.

पुण्याहून (परत आलेय, चालेल ना?)
इंडोनेशिया सरकारच्या दर्मासिस्वा शिष्यवृत्तीवर जावातल्या योग्याकार्तात होते. घरमालकीण इबू गुडेग करायच्या: कोवळा फणस, नारळाचं दूध आणि गूळ, मंद आचेवर तासन्‌तास. मला वाटे हा लालसर तपकिरी रंग गुळाचा. इबूंनी पातेल्याच्या तळाशी घातलेली पानं दाखवली, ती सागाची निघाली! सागाचं कोवळं पान चुरगाळून बघा, बोटं लाल होतात. म्हणजे आपल्याकडे कुयरीही (कोवळा फणस) आहे आणि सागही, फक्त दोघांची गाठ कुणी घातली नाही. गुळासाठी गोव्याहून माडाचा गूळ मागवते, कारण तिथला गूळ, गुला जावा, बहुतेक नारळाच्या माडाचाच असतो. उसाचा घातला तर गोडी येते, तो धुरकट वास येत नाही. म्हशीच्या कातड्याचं क्रेचेक मी करत नाही. अंडं आणि घट्ट आरेह (आटवलेलं नारळाचं दूध) पुरे.

मेलबर्नहून
सासूबाई सुमात्रातल्या पाडांगच्या, त्यामुळे आमच्या घरी रंदांगला परीक्षक आहे. नारळाच्या दुधात मांस पातळ असतं तोवर ते गुलाइ, आटून दाट झालं की कालिओ, आणि तेल सुटून मसाला तुकड्यांना काळपट चिकटला की रंदांग. हॉटेलात बहुतेकदा कालिओच वाढतात. सासूबाई एक घास घेऊन ताट बाजूला सारतात. शेवटचा तासभर उलथनं हातातून सोडायचं नाही, खाली लागतं. मी मटणाचं करतो, ते त्यांना चालतं. आसाम कांदिस (तिथलं सुकवलेलं आंबट फळ) मिळेना म्हणून आमसुलं घातली. दोन्ही एकाच कुळातली, त्यांनी काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतलं. हळदीचं पान मात्र हवंच. पातोळ्यांसाठी आईनं कुंडीत हळद लावायला लावली होती, ती आता रंदांगलाही पुरते.

न्यू जर्सीहून
केचाप मानिस (गोड, दाट सोया सॉस) संपलं की सोया सॉस, गूळ, बादियान आणि ठेचलेला लसूण आटवते. नासी गोरेंगला (परतलेल्या भाताला) चालतं. सातेवर (काडीला लावून भाजलेल्या मांसावर) ओतायला पातळ पडतं, आणखी आटवा. हळदीच्या पानांबद्दल विचारायचं होतं: थंडीत कुंडी घरात घेता का, की कंद काढून ठेवता?