शब्दचर्चा: ‘फ्री विल’ला मराठीत काय म्हणायचे? आणि शंका ‘घ्यायची’ की ‘विचारायची’?

कुळागर:

मी फोंड्याला राहतो. पोटापाण्याला मुद्रितशोधन, मधूनमधून भाषांतरे. गेल्या वर्षी नाताळ पुरवणीसाठी एका पाद्रींचा इंग्रजी लेख मराठीत करायला आला होता. देवाने माणसाला दिलेली मोकळीक आणि श्रद्धेत प्रश्नांना असलेली जागा, असा विषय. ‘फ्री विल’ हा शब्द ओळीआड होता आणि मी बेधडक ‘मुक्त इच्छा’ लिहीत सुटलो. मथळा बसेना म्हणून पान लावणाऱ्याने त्याचा संधी केला: ‘मुक्तेच्छा आणि श्रद्धा’. दुसऱ्या दिवशी सकाळी सावईवेऱ्याहून एका आजोबांचा फोन. “पाद्री मुक्तीच्या इच्छेबद्दल छान लिहितात हो. पण मध्येच म्हणतात, माणसाने तिचा गैरवापर केला आणि पाप आले. मोक्षाच्या इच्छेचा गैरवापर कसा करतात, तेवढे सांगा.”

मी त्यांना काय सांगितले ते आठवत नाही. चहा मात्र गार झाला होता.

यंदा तोच लेख वाढवून पुस्तिकेत जायचा आहे. वाचक बहुतेक मराठी वाचणारे गोंयकार हिंदू, थोडे ख्रिस्ती. दोन अडचणी आहेत. एक, ‘फ्री विल’. दुसरी, ‘क्वेश्चनिंग’. ‘श्रद्धेला प्रश्न करणे’ हे मला हिंदी वाटते, आणि ‘श्रद्धेवर प्रश्नचिन्ह उभे करणे’ म्हटले की वर्तमानपत्राचा अग्रलेख डोळ्यांपुढे येतो. सुचवा.

मुळाक्षर:

यात चर्चा कसली? तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ‘इच्छास्वातंत्र्य’ आणि ‘संकल्पस्वातंत्र्य’ हे दोन्ही शब्द आहेत. दुसरा जास्त काटेकोर, कारण इच्छा म्हणजे नुसती हौसही असू शकते. संकल्पात निर्धार येतो.

कुळागर:

काटेकोर आहे, मान्य. पण आमच्याकडे ‘संकल्प’ म्हटले की भटजी, पळी आणि तळहातावरचे पाणी. ते पाणी सोडल्यावर स्वातंत्र्य उरत नाही, पूजा संपेपर्यंत उठता येत नाही!

पोदेर:

मी सासष्टीचा, घरची कोंकणी, शाळेत मराठी शिकलो. चुकले तर सांभाळून घ्या.

आमच्या ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेत ओळ आहे: “तुजी खुशी जशी सर्गार जाता, तशी संवसारांत जांव.” मराठी बायबलात तिथे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ आहे. म्हणजे देवाच्या ‘विल’ला आम्ही चारशे वर्षांच्या सवयीने खुशी म्हणतो. घरात कोण गेले तरी म्हातारी माणसे म्हणतात, देवाची खुशी. आनंद नव्हे हां. माणसाच्या ‘विल’लाही तोच शब्द. ‘तुजी खुशी’ म्हणजे तू ठरव.

मोगरी:

पोदेरबाब, हे वाचून हसू आले आणि जरा शरमही वाटली. आमचे घर बारदेशात, शेजारी खुरीस (क्रूस). मे महिन्यात तिथे लदीन (सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना) असायची. खुरसाला झेंडूची माळ, वाऱ्याने विझणाऱ्या मेणबत्त्या, एक काका व्हायोलिन वाजवायचे आणि शेवटी कागदाच्या पुडीत खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे. आम्ही हिंदू मुले चण्यांसाठी शेवटपर्यंत उभी. तर ही ओळ मी लहानपणी शेकडो वेळा ऐकली आणि कितीतरी वर्षे समजत होते की हे लोक देवाला म्हणतात, ‘तू खूश राहा, स्वर्गात आहेस तसा इथेही’. मला ती प्रार्थना फार आवडायची. आपण देवाकडे मागतो, आणि हे त्याच्या खुशालीची चौकशी करतात! आज अर्थ कळला. जुना अर्थ सोडवत मात्र नाही.

कुळागर:

मोगरी, चणे माझ्याही वाट्याला आलेत.

पण पोदेरबाबांनी नकळत गाठ सोडवली असे वाटते. ‘खुशी’चा हा अर्थ मराठीतही आहे, फक्त कोपऱ्यात पडलाय. ‘राजीखुशीने’, ‘माझी खुशी!’, ‘खुशीचा सौदा’, आणि सगळ्यांत कामाचा ‘आपखुशीने’. जमिनीच्या जुन्या कागदांत ‘आपखुशीने लिहून देतो की’ असे असते. कोणी धाक घातला नाही, फसवले नाही, मी देतो आहे. लेखातल्या पाद्रींना नेमके हेच म्हणायचे आहे.

शेजारचे दोन शब्द ठेवून बघा. ‘मर्जी’ वरून खाली येते. साहेबाची मर्जी, मर्जीतला माणूस, मर्जी खप्पा होणे. तिच्यात लहर आहे. ‘खुशी’ ज्याची त्याची. देवाला ‘मर्जी’ लावली की तो मामलेदार होतो. मराठीत आपण सर्रास ‘देवाची मर्जी’ म्हणतो, हे त्यामुळे जरा खटकायला लागले आहे.

मुळाक्षर:

‘आपखुशीने’ हे क्रियाविशेषण आहे. तुम्हाला नाम हवे आहे.

कुळागर:

खरेच हवे आहे का, हाच प्रश्न पडलाय. ‘देवाने माणसाला फ्री विल दिली’ या वाक्यात इंग्रजीला नाम लागते. मराठीत ‘माणसाने आपखुशीने आपल्याकडे यावे, असे देवाने ठेवले’ म्हटले की नाम गळते आणि अर्थ राहतो. आजोबांचा फोनही येत नाही.

वसईकर:

नमस्कार. आम्ही घरात आणि चर्चमध्ये मराठीच बोलतो, तेव्हा थोडे घरचे सांगतो. प्रवचनात ‘इच्छास्वातंत्र्य’ ऐकू येते आणि लोकांना कळतेही, त्याला एवढे झोडपू नका. पण मूळ लॅटिन शब्दात इच्छा नाहीच. ‘लिबेरुम आर्बित्रिउम’. आर्बित्रिउम म्हणजे लवादाचा निवाडा. दोन बाजू ऐकून मोकळेपणी दिलेला निवाडा, आणि लवाद माणूस स्वतःच.

एरास्मस या डच पंडिताने 1524 मध्ये या निवाड्याच्या बाजूने लिहिले. पुढच्याच वर्षी प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने उलट उत्तर दिले की पापात पडलेल्या माणसाचा निवाडा मोकळा नसून बांधलेला आहे, गुलाम आहे. कॅथलिकांनी 1547 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत ठरवले की तो दुबळा झाला, वाकला, पण विझलेला नाही. म्हणजे ज्याला आपण एक शब्द शोधतो आहोत, त्याच्यावरून ख्रिस्ती लोक आपसात कडाक्याचे भांडलेत. ‘इच्छा’ घेतली तर या भांडणातला अर्धा मुद्दा हरवतो. इच्छा कोणालाही होते. वाद निवाड्याचा आहे.

1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या जागी बेनसीरा या जुन्या ग्रंथातले वचन घेतले आहे (पंधरावा अध्याय, चौदावी ओवी). देवाने आरंभी माणूस निर्मिला आणि त्याला त्याच्याच विचाराच्या हाती सोपवले, असा त्याचा भाव.

कुळागर:

हे फार सुंदर आहे. ‘माणसाला माणसाच्या स्वाधीन केले’!

पोदेर:

पोलिसांच्या स्वाधीन करतात तसे?

कुळागर:

हो ना, ‘स्वाधीन’ची गंमतच ती. मूळ अर्थ आपल्याच ताब्यात असलेला, आणि वापरतो दुसऱ्याच्या ताब्यात देताना. इथे दोन्ही अर्थ एकदम बसतात. राहू दे तसाच.

खाजन:

गोव्यात बसून या विषयावर बोलता आणि आबे फारियांचे नाव नाही? 1756 साली कांदोळीला जन्मले. पॅरिसमध्ये लोकांना संमोहनाने झोपवून दाखवायचे. त्या काळी म्हणत, झोपवणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी द्रव्य जाते. फारिया म्हणाले, असे काही नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या आत घडते. पणजीचा पुतळा उलटा बोलतो, बाईवर हात पसरलेला जादूगार वाटतो. प्रवचनात अडखळलेल्या फारियांना वडील हळूच म्हणाले ती ‘कातर रे भाजी’ची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे…

कुळागर:

खाजनबाब, भाजीसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. आता ‘क्वेश्चनिंग’कडे वळू या.

मोगरी:

मला मूळ शब्दापेक्षा ‘शंका’च्या मागे येणारे क्रियापद महत्त्वाचे वाटते. शंका विचारतो तो विद्यार्थी. शंका काढतो तो तर्कट माणूस. शंका घेतो तो नवरा (किंवा बायको). शंका येते ती कोणालाही, न बोलावता. सासूबाई म्हणायच्या, “मला शंका आली, मी घेतली नाही.” वाक्य दुधाच्या हिशोबावरून होते, पण त्यात सगळे आले.

वसईकर:

मोगरीताई, तुमच्या सासूबाई धर्मशास्त्री होत्या. वर सांगितलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात हाच भेद आहे. मनात आपोआप येणारी शंका वेगळी: विश्वास ठेवताना होणारी चलबिचल, आक्षेपांचे उत्तर न सापडणे, अंधारात वाटणारी धास्ती. आणि जाणूनबुजून धरलेली शंका वेगळी. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘डाउट’ आणि मागे विशेषण जोडावे लागते. मराठीत ‘येणे’ आणि ‘धरणे’ने काम होते. कार्डिनल न्यूमन तर म्हणत की दहा हजार अडचणी मिळूनही एक शंका होत नाही. मला हे वाक्य मराठीत नेहमी पटते, कारण आपण ‘अडचण’ सोडवतो आणि ‘शंका’ फिटते. दोन्हींचे व्यवहार निराळे.

आणखी एक. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात देवदूत दोघांना भेटतो. म्हाताऱ्या जखऱ्याला सांगतो, तुला मुलगा होईल. तो विचारतो, “हे मी कशावरून समजू?” त्याची वाचा जाते. पुढे मरीयेला सांगतो, तुला मुलगा होईल. ती विचारते, “हे कसे होईल?” तिला नीट उत्तर मिळते. लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. दोघांनीही विचारलेच की! मराठीत वाचताना एक दिवस लक्षात आले. ‘कशावरून’ म्हणजे पुरावा आणा. ‘कसे’ म्हणजे समजावून सांगा. अर्थ लावणाऱ्यांत इतरही मते आहेत, मी फक्त मराठी वाचकाचा कान सांगतो.

मुळाक्षर:

‘कशावरून’ हा प्रश्न वाईट कसा? सगळे न्यायशास्त्र त्यावर उभे आहे. आणि येशूचा शिष्य थोमा, त्याने काय केले? येशू मेलेल्यांतून उठला हे ऐकून खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याखेरीज मानणार नाही म्हणाला. हा ‘कशावरून’च. त्याची वाचा गेली नाही, उलट येशू आठ दिवसांनी येऊन म्हणतो, घाल बोट.

वसईकर:

बिनतोड. माझ्या सुबक भेदाला थोमाने भोक पाडले.

पोदेर:

दुबाव (आमच्याकडे शंकेला हा शब्द) यायचा तो येतो. लहानपणी दोतर्नीला (धर्मशिक्षणाच्या वर्गात) मी विचारले होते, आदाव (आदाम) फळ खाणार हे देवाला आधीच ठाऊक होते तर झाड लावलेच का. शिकवणाऱ्या बाईने रागाने बघितले आणि बाहेर उभे केले. बाहेर आंब्याचे झाड होते. मी एक आंबा खाल्ला. खुशीने.

मोगरी:

पोदेरबाब! 😄

खाजन:

हसा, पण आमच्या मातीत ‘विचारणे’ या शब्दाला काळी बाजूही आहे. इन्क्विझिशन (धर्मद्रोह शोधणारे चर्चचे न्यायालय) हा शब्दच लॅटिन ‘विचारणा करणे’वरून आलाय. जुन्या गोव्यात त्याच्या इमारतीला लोक ‘व्हडलें घर’ म्हणत. 1560 ते 1812, मधली काही वर्षे सोडून. तिथे प्रश्न एकच बाजू विचारायची. पुस्तिकेत ‘श्रद्धेत प्रश्नांना जागा आहे’ असे गुळगुळीत लिहाल तर फोंड्याचा वाचक पहिला हाच हिशोब मागेल.

कुळागर:

मागेल, आणि मागायलाच हवा. पाद्रींच्या मूळ लेखात यावर एक परिच्छेद आहे, तो मी गाळणार नाही. पण त्याच काळात दुसरीही गोष्ट घडली. 1616 मध्ये रायतूरला फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण छापले गेले. मराठी ओव्यांत, रोमन लिपीत. त्यात श्रोता विचारतो आणि पाद्री सांगतो. आपल्या पुराणांची रीतच ती, शौनकाने विचारल्याशिवाय सूत तोंड उघडत नाही. म्हणून ‘क्वेश्चनिंग’ला मी ‘पृच्छा’ही लिहून पाहिले. फार जरीकाठी दिसते. खोडले.

वसईकर:

पंडिता रमाबाईंना विसरू नका. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या भगिनींशी (नन्सशी) पत्रांतून वाद सुरू. भटांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता पाद्र्यांचे प्रत्येक म्हणणे देवाची आज्ञा म्हणून मान्य करून दुसरे जू मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्वच्छ कळवले. ख्रिस्ती राहूनच. शब्दांच्या बाबतीतही तशाच. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणताना जड संस्कृत शब्द टाळून सामान्य बायकांना कळेल अशी भाषा त्यांनी धरली. ते 1924 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी निघाले. ‘संकल्पस्वातंत्र्य’ त्यांनी पहिल्या फटक्यात कापले असते.

मुळाक्षर:

माझ्या शब्दाची हत्या रमाबाईंच्या हातून होत असेल तर हरकत नाही. मात्र तुमच्या ‘जू’मध्येच उत्तर आहे. रमाबाई शंका ‘घेत’ नव्हत्या, ‘विचारत’ही नव्हत्या. त्या जाब विचारत होत्या. हा प्रकार यादीत घ्या.

कुळागर:

घेतला. आत्ता बसून पहिला परिच्छेद असा केलाय:

“देवाने माणसाला माणसाच्याच स्वाधीन केले. त्याने आपखुशीने यावे, ओढून आणल्यासारखे नको. म्हणून येताना त्याच्या मनात शंका येणार, तो ती विचारणार, कधी जाबही विचारणार. ज्याचा निवाडा मोकळा आहे त्याच्याकडून दुसरे काय अपेक्षित आहे?”

शेवटच्या वाक्यात ‘निवाडा’ अजून जरा कोर्टातला वाटतो. बायकोला वाचून दाखवले. ती म्हणाली, सगळे कळले, फक्त ‘ओढून आणल्यासारखे’च्या जागी ‘ओढून नेल्यासारखे’ हवे का? कुठून बघतो त्यावर आहे म्हणे, देवाकडून की माणसाकडून.

मोगरी:

‘आणल्यासारखे’ ठेवा. देव घरात बसून वाट बघतोय ना.

पोदेर:

‘नेल्यासारखे’. मी आंब्याखालून बघतोय.